कांदा सोडून

कोपरखैरण्यात आमच्या बैठ्या घरामागे
गटार आणि भिंत यांच्यामध्ये उरलेली
सहा फूट जमीन.
खाली भरावाचा मुरूम, त्याखाली खाडीचं जुनं मीठ.
वरची हातभर माती मी घणसोलीहून गोणीतून आणली
आणि गांडुळं दिली द्रुपदाबाई मढवींनी,
डालड्याच्या डब्यातून, वर ओलं फडकं.

म्हणाल्या, त्यांच्या जेवणाची घाई करू नको गो.
दात नसतात त्यांना.
साल टाकलीस तर साल कुठं खातात?
आधी बुरशी जेवते,
मग हे शेवटच्या पंगतीला बसतात,
बुरशीसकट सगळं पुसून घेतात.

मी देत गेले.
चहाचा चोथा, साखर धुऊन.
केळीची सालं, दोडक्याच्या शिरा, भिजवलेला पुठ्ठा.
अंड्याची टरफलं वाटून,
कारण पोटात दळायला त्यांना कण लागतो.
लिंबू नाही. उरलेली आमटी नाही.
कांदा तर मुळीच नाही.

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं
तुर्भ्याच्या मार्केटात कांदाच वाहिला.
शर्ट धुतला तरी बनियनला,
बनियन धुतलं तरी मानेला.
शाळेत सोडायला आले की
मी फाटकाआधीच हात सोडवून घ्यायचे.

ते गेल्यावर पेटीत सापडल्या
तोलाईच्या, वाराईच्या पावत्या,
रबर लावून, वर्षावार.
ऐंशी गोणी. एकशे दहा गोणी. ऐंशी.
एकीच्या पाठीवर बॉलपेननं:
शालनचे बूट, नंबर तीन.
ती ठेवली.
बाकीच्या भिजवल्या, फाडल्या,
वांग्याच्या बुडाशी पुरल्या.

पंधरा दिवस कुणी तोंड लावलं नाही.
उकरलं तर सगळी भिंतीकडे सरकलेली.
शाई असंल, द्रुपदाबाई म्हणाल्या, थांब जरा.
मी थांबले.
शाईचं मला काही पटलं नव्हतं.

मार्गशीर्षात पुन्हा उकरलं.
कागद नव्हता, आकडे नव्हते.
मोहरीएवढ्या काळ्या गोळ्या, भुरभुरीत,
आणि त्यात रबराची वेटोळी,
तेवढी टाकून दिलेली, जेवणातल्या मिरचीसारखी.

वांगी धरली. काटेरी, बुटकी, पण धरली.
भरायला मसाला केला, त्याला कांदा लागतोच.
सालं हातात घेऊन मागच्या दारापर्यंत गेले
आणि परत आले.
ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकली.
सकाळी गाडी येते.
ती तुर्भ्यालाच जाते.