पत्रात हे नव्हतं

पत्रात होतं : चार तास आधी काही खाऊ नका.
पाणी चालेल.
अंगावर धातूचं काही नको.
मूत्रपिंडं ठीक असल्याचा रक्ताचा रिपोर्ट सोबत आणा.
द्राहोमीरानं ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं
आणि रात्रीच पावाचा डबा
कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला,
जसा काही मी सहा वर्षांचा आहे.

अंगठी निघेना.
बेचाळीस वर्षं भट्टीपुढे शेकून
बोटं पेरापेरांत फुगलेली.
साबण झाला, लोणी झालं,
शेवटी तिनं शिवणाचा दोरा घेतला,
वळशाला वळसा लावून बोट आवळलं
आणि अंगठी एकेक वळसा उतरवत आणली.
खाली निघालं पांढरं वर्तुळ, कोवळं.
"एवढीच कातडी म्हातारी व्हायची राहिली," म्हणाली
आणि अंगठी स्वतःच्या अंगठ्यात घालून मोकळी झाली.

नोव्ही बोरहून चेस्का लीपाची सकाळची बस.
मळकं बर्फ. शेतात कावळे,
पोटातही.

स्कॅनच्या खोलीत रादका. झ्बिन्येकची नात,
तो आणि मी एकाच भट्टीवर होतो.
ही चार वर्षांची असताना मी हिला काचेचा घोडा करून दिला होता.
"शेपटी तुटली," ती सुई टोचता टोचता म्हणाली,
"बाकी घोडा आहे अजून."
पांढरं वर्तुळ तिला दिसलं.
"अंगठी कशाला काढलीत? छातीचा स्कॅन आहे,
हात तर डोक्याच्या वर घ्यायचेत."
हे पत्रात नव्हतं.

मग म्हणाली, घाबरू नका, हा बोगदा नाही,
नुसतं कडं आहे, दोन्हीकडून उघडं.
औषध शिरेत गेलं की अंग तापेल,
जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येईल,
आणि वाटेल की चड्डी ओली झाली.
झालेली नसते.
सगळ्यांनाच वाटतं तसं, काका.

टेबल सरकलं. कडं घरघरलं.
कुणा अनोळखी बाईचा आवाज :
श्वास घ्या. रोखा.

मला सांगते!
फुंकणीच्या टोकाशी उकळत्या मधासारखा गोळा लटकत असताना
श्वास कुठे तोडायचा आणि कुठे नुसता धरून ठेवायचा
हे शिकण्यात माझे दात गेले.
गालांवरून लोक मला ओळखायचे.
रोखला.
एक, दोन, तीन, चार,
पाच...
आणि आला खोकला.

"काही हरकत नाही, पुन्हा घेऊ," रादका म्हणाली.
भट्टीवर झ्बिन्येक असता तर
आठवडाभर पुरलं असतं त्याला हसायला.

दुसऱ्यांदा औषध आलं ते आधी घशात,
मग पोटात, मग खाली, तिनं सांगितलं होतं तिथवर.
मी लाल झालो असणार आतून.
मऊ झालो असणार.
क्षणभर वाटलं, आता कुणीतरी दुसऱ्या टोकाला तोंड लावेल
आणि मी कशाचा तरी आकार घेईन.

आम्ही भांडं थंड झालं की उजेडाकडे धरायचो.
आत बुडबुडा दिसला तर
काही न बोलता बाजूला ठेवायचो.

रादका खिडकीपलीकडे पडद्याकडे पाहत होती.
तिच्या-माझ्यात जाड काच, शिसं घातलेली.
शिशाची काच मला कळते, जन्म गेला तिच्यात.
बरी होती. एकही डाग नाही, लाट नाही.
चेहरा मात्र वाचता आला नाही.

बाहेर पंधरा मिनिटं बसा, अंगावर पुरळ उठतंय का बघू.
आज भरपूर पाणी प्या.
रिपोर्ट पुढच्या गुरुवारी, डॉक्टरकडे.

द्राहोमीरानं पिशवीतून पाव काढला, डुकराची चरबी आणि कांदा,
रुमालात बांधलेला.
कधी केला, कुणास ठाऊक.
मी हात पुढे केला तो अंगठीसाठी,
तिनं पाव ठेवला.
"सूज उतरू दे," म्हणाली, "गुरुवारी बघू,"
आणि अंगठ्यातली अंगठी फिरवत राहिली.

मी घास घेतला.
कांद्याच्या आडून
नाण्याची चव अजून येत होती.