हातमोजणी

यंत्राला हे रक्त कळत नाही.
माणसाच्या तांबड्या पेशीला गाभा नसतो,
कुत्र्याच्या नसतो, घोड्याच्याही;
सरड्याच्या असतो, लांबट पेशीत एक जांभळी बी,
आणि यंत्र सगळ्यांनाच पांढऱ्यांत धरून
भलताच आकडा छापून मोकळं होतं.
म्हणून औलूच्या ह्या दवाखान्यात, मागच्या खोलीत
मी बसते. डोळा भिंगाला, अंगठा खटक्यावर.
खट. खट.

नोव्हेंबर. दुपारी तीनला खिडकी काळी.
केमीहून शंभर किलोमीटर गाडी हाकत तौनो आला,
बर्फ फोडणाऱ्या जहाजावर एकतीस वर्षं इंजिन सांभाळलेला.
कोटाच्या आत गरम पाण्याची बाटली,
बाटलीला बिलगून किप्पारी.
दाढीवाला ड्रॅगन म्हणतात ह्या जातीला.
वजन तीनशे ऐंशी ग्रॅम,
दाढी फुगवण्याइतकंही त्राण नाही.
"खात नाही," तौनो म्हणाला,
"आणि माझ्याकडे बघत नाही."
दुसरं लक्षण लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

डॉक्टर सोइलीने शेपटीखाली, अगदी मधल्या रेषेत
सुई वर सारली, मणक्याला टेकेपर्यंत,
मग केसभर मागे.
अर्धा मिलीलिटर. त्याहून जास्त मागायचं नसतं
इतक्याशा जिवाकडे.

निरोगी सरड्यात माझे दहा हजार होतात, फार तर पंधरा.
त्या दिवशी अंगठा दुखायला लागला.
सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या, थोराड आणि तरीही कोवळ्या,
गाभ्याने काठोकाठ भरलेल्या,
कामाला न लागताच गर्दी करून उभ्या.
एक लाख चाळीस हजार.
पुन्हा मोजलं. मला चुकायचं होतं.
एक लाख बेचाळीस.

"रक्ताचा कर्करोग," सोइली म्हणाली.
"सरड्याला?" तौनोने विचारलं,
जसं कुणी विचारावं, समुद्राला ताप?

औषध आहे, ती म्हणाली, मात्रा नाही.
कुत्र्याची ठाऊक आहे, मांजराची आहे;
सरड्याची आपण अंदाजाने ठरवू, रक्त बघत बघत.
गोळीचं पातळ करून देते, एक दिवसाआड
तोंडाच्या कोपऱ्यातून दोन थेंब.
हातमोजे घाला, ते विषच आहे.
आणि दिवा विझू देऊ नका.
ऊब नसली तर औषध अंगात नुसतं बसून राहील.
ह्या हिवाळ्यात त्याला झोपायचं नाही.

"हिवाळ्यात जागं राहणं," तौनो म्हणाला,
"तेवढंच तर मला येतं."

सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
ह्याचं कुंपण काचेचं, चार फूट बाय दोन,
एका टोकाला चाळीस अंश, दुसऱ्याला पंचवीस,
आणि काचेपलीकडे उणे बावीस.
ज्या वाळवंटातून ह्याचे पूर्वज आले
ते ह्याने पाहिलेलं नाही. तौनोनेही.
वीज महागली तेव्हा त्याने स्वयंपाकघरातलं हीटर बंद केलं
आणि पलंग दिव्याखाली ओढून घेतला.
हे त्याने आम्हाला सांगितलं नाही;
कोटाला वाळूचा वास येत होता, सोइलीने विचारलं.

डिसेंबर: नव्वद हजार.
जानेवारी: एकतीस. किप्पारीने दोन झुरळं खाल्ली
आणि सोइलीच्या अंगठ्याला चावला.
रक्त आलं. तिने मलाच आणून दाखवलं, हसत.
फेब्रुवारीत तांबड्याच कमी झाल्या, औषध थांबवलं.
औषध थांबवलं की पांढऱ्या वाढतात.
पुन्हा सुरू केलं, अर्धं.

आता मार्च. खाडीचा बर्फ अजून माणसाला पेलतो.
आजची काच भिंगाखाली आहे.
मधेच कुणी दार वाजवलं की आकडा हरवतो,
आणि तौनोला हे माहीत आहे,
म्हणून तो बाहेर बाकावर बसलाय,
कोटाचं एकही बटण न काढता.
चारशे अकरा.
चारशे बारा.
ही लहान आहे, साधी आहे, ही नेहमीची.
ही नाही.
चारशे तेरा.