गिनती

सांगलीच्या किल्ल्यातला तुरुंग, भोवतीनं खंदक.
आम्हाला वाटायचं, हा आमच्यासाठीच खणलाय.
त्या वैशाखात कळलं,
खंदकाला दोन काठ असतात.

जेलरसाहेब घरी बघून येतो म्हणाले,
चाव्या टेबलावर ठेवून गेले.
आले, चौथ्या दिवशी.
पण त्यांनी आम्हाला ओळखलं नाही
आणि आम्ही फाटक उघडलं नाही.

राहिलो तेवीस.
गिनती मीच घ्यायचो, सवय मोडेना.
जोडीनं बसा. माना खाली. तेवीस. टोटल बरोबर.
फक्त कळवायचं कुणाला, ते उरलं नव्हतं.

तेराव्या दिवशी फाटकापुढं अकरा माणसं,
हरिपूरच्या पेवात लपलेली,
टाळूपासून टाचेपर्यंत पिवळी.
बिरू घेवारे तटावरनं ओरडला,
"हळद तर सगळ्यांनाच लागलीया, नवरा कोणचा?"
कुणी हसलं नाही.
मग त्यांच्यातली एक म्हातारी हसली, ठसका लागेपर्यंत.
तेव्हा खात्री पटली. उठलेले हसत नाहीत.

पेव मला माहीत, दहा वर्षं पोती उतरवलीत.
उघडल्यावर आधी कंदील सोडायचा,
विझला तर माणूस उतरवायचा नाही.
मी झरोक्यातनं कंदील बाहेर धरला.
त्यांनी माझा हात बघितला, छातीवरचा नंबर बघितला.
"चला माघारी," एकजण म्हणाला.
कुठं, ते त्यालाही सांगता येईना.

झडती द्यायची नाही, ही त्यांची अट.
बायकांची बराक दिली त्यांना. कुलूप आमचं, चावी त्यांची.
रात्रभर आतनं कुलूप ओढून बघितल्याचा आवाज.
त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

हसणारी म्हातारी खैरुनबी, मिरजेची,
नवऱ्यामागं सतारीच्या तारा ओढणारी.
तिनं खंदकाच्या काठानं तारा ताणल्या,
टोकाला वाळका भोपळा.
"कायबी शिवलं तर बोलंल," म्हणाली.
खुंट्या ठोकायला मी होतो.
चौथ्या खुंटीला तिनं विचारलं, काय केलं होतंस?
मी म्हणालो, तोलाईवाला. पोत्याचा हूक. मानेत.
मापात मारत होता, हे सांगायचं ओठावर आलं,
पण ती तार लावत होती, कान देऊन.
"हं," म्हणाली. "ही खुंटी जरा आत घे."

मग एका संध्याकाळी गिनती तेहतीस.
तिसऱ्यांदा मोजली. बिरू नाही.
पळाला, बाहेरचे म्हणाले.
पळाला, आमच्यातलेही म्हणाले. मीही.

पहाटे भोपळा बोलला.
खंदकापलीकडं बिरू, पाठीवर बेदाण्याची पेटी,
तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजमधनं उचललेली.
त्या लहान पोरीला म्हणे गोड खाऊ वाटलं होतं.
फाटकाशी आम्ही चौतिसातले तेहतीस,
चावी माझ्या हातात, आणि हात हलेना.

बिरूनं न सांगता कपडे काढले.
सवयीचा माणूस. हात वर, तोंड उघडं, वळला, वाकला.
दिवस धड उजाडला नव्हता,
लांबनं चावा आणि चिखल एकच दिसत होते.
खैरुनबी म्हणाली, कंदील दे.
गेली एकटी, त्याला नखापासून नखापर्यंत बघितलं,
आईनं पोराला न्हाऊ घालताना बघावं तसं नाही,
धान्य निवडावं तसं.
मग कंदील त्याच्या हातात दिला
आणि स्वतःच्या बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या.
"आता माझी घे. पहिल्या दिवशी राहिली होती."

त्यामागनं सगळेच उभे राहिले, ओळीनं.
चला माघारी म्हणणारासुद्धा. तो थरथरत होता,
त्याच्या पोटरीवर जुना कुत्र्याचा चावा होता,
तो आम्ही तीनदा बघितला, आणि बसू दिला.

बेदाणे वाटले मूठमूठ.
वाटणीवरनं भांडण झालं, जोरात,
नावं घेऊन, नंबरानं नव्हे.
पोरगी मोजायला लागली, तिला तिसापुढं येत नव्हतं,
तिसावर आली की परत एकपासून.
मी सांगणार होतो.
पण म्हटलं, मोजू दे.