पान क्रमांक सतरा

आईकडे मतदारयादीचं एकच पान आहे.
सतरावं. जुनी शुक्रवारी, तीस नावं.
तिला सगळ्यांचे गुडघे, कर्जं, सुना माहीत.
सव्विसावं नाव माझं.

मे महिन्यात रस्त्यावर कुत्रंही नसतं तेव्हा
ती चिठ्ठ्या घेऊन निघते,
डोक्याला पांढरा दुपट्टा, पिशवीत कांदा.
नलूताई हरकरे उन्हाला
उमेदवारसुद्धा मानत नाहीत.

‘घर हेच स्त्रीचं पहिलं क्षेत्र’
या विषयावर ती तुमसरला बोलून यायची
रात्री अकराच्या एसटीनं.
तोवर बाबांनी आम्हाला झुणका वाढलेला असायचा,
तिचं ताट झाकून ठेवलेलं.

एकोणनव्वदपासून सभेच्या सतरंज्या
तिनंच झटकल्या, तिनंच घड्या घातल्या.
मंचावरून कुणीतरी मातृशक्तीला वंदन करी,
आणि मातृशक्ती मागे उभी राहून मोजी
चहा पुरेल का.

मग एका वर्षी प्रभाग महिलांसाठी सुटला.
त्या रात्री तिनं मोतिया रंगाचं पातळ
कपाटातून काढलं, इस्त्री केलं,
खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलं.
कुणाला काही बोलली नाही.

उमेदवारी मिळाली ठेकेदाराच्या सुनेला.
जुनी शुक्रवारी कुठे संपते
तेही तिला ठाऊक नव्हतं.
आईनं दाखवलं. दारोदार हिंडवलं,
कुणाच्या पाया पडायचं, कुणाकडे पाणी मागायचं,
कुणाच्या मुलाचं नाव काढायचं नाही.

‘काहून करतेस गं हे?’ मी भडकले.
‘पक्ष काय तिच्या सासऱ्याचा आहे?’
मग चष्मा पुसत,
‘माझ्याही नाही म्हणा.’

पातळ मात्र तिनं पुन्हा घडी करून ठेवलं नाही.
विजयी मिरवणुकीला नेसली. गुलालाचा डाग
अजून आहे काठावर.

ती पानावर खुणा करते:
आपला, त्याला हिरवी टिकली,
समोरचा, त्याला लाल,
डळमळीत, त्यापुढे प्रश्नचिन्ह.
परवा तिचं पान हाती लागलं.
मी लाल. ठसठशीत लाल,
तीन निवडणुकांपासून,
मी कधीच काही सांगितलेलं नसताना.
शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात:
दुपारी येते. पन्हं करून ठेवणे.

गूळ कमी पडला होता. तसं मी बोलले.
त्यावरून मात्र ती
अर्धा तास भांडली माझ्याशी.