क्ष मानू

लेस्टर. पहाटेचे पावणेतीन. खोली क्रमांक चार.
सिरिल वॅडलो, वय एक्याऐंशी,
गोठलेल्या फुटपाथवर घसरून डाव्या कुशीवर आपटलेले.
माझं रोजचंच: श्वास घ्या. रोखून धरा.
भिंतीआड जाऊन मी बटण दाबते.
सोडा.
ते सोडतात, हसायला जातात, कळ येते.

म्हणतात, आकाशाला असं सांगायची सोय नव्हती.
तरुणपणी रॉकेटच्या नाकात बसणारं मोजयंत्र जुळवायचे ते.
वाळवंटातून उड्डाण, हवेच्या वर जेमतेम पाच मिनिटं,
मग पॅराशूट, धूळ,
आणि हातात कागदाची एक पट्टी, तिच्यावर शाईचे उंचवटे.
"त्या पाच मिनिटांसाठी दोन वर्षं, पोरी.
खालून काही दिसत नाही. हवा सगळं पिऊन टाकते."
बरंच करते, म्हणत मी शिशाचा एप्रन खुंटीला अडकवते.

मिरजेला बीजगणिताच्या वहीत लिहायचो: क्ष मानू.
उत्तर येईपर्यंत त्याला नाव विचारायचं नाही.
पुढे हेच किरण पोटापाण्याला लागले,
क्ष तसाच राहिला.

येतात कुठून?
"मेलेल्या ताऱ्यापाशी. इथून लफबरोपर्यंत मावेल एवढाच उरलेला,
आणि शेजारचा जिवंत तारा ओरबाडत बसलेला.
त्याचा वायू मोरीतल्या पाण्यासारखा गरगरत पडतो,
पडता पडता कोटी अंश तापतो.
तो उजेड पडण्याचाच.
मी पडलो, तर नुसता शेजारणीचा कुत्रा भुंकला."

मग आरशाचं सांगतात.
समोरून आलेला हा किरण आरशाला जुमानत नाही, आतच मुरतो.
तळ्यावर भिरकावलेल्या चपट्या दगडासारखा
अगदी तिरपा, घासून गेला, तरच वळतो.
म्हणून नळकांडी, एकात एक, बांगड्यांसारखी.

मघाशी मी सरळ विचारलं होतं, घरी कोण असतं?
ते छताकडे बघत राहिले होते.
आता विचारते, ती पट्टी आहे का अजून?
"मॉरीनने फ्रेम करून घेतली होती. जिन्यात आहे.
तिथला दिवा गेलाय. मार्चपासून."

पडद्यावर सातवी आणि आठवी बरगडी, बारीक चीर,
आणि मागे हृदयाची फिकट सावली.
आकार नेहमीचा असला
तर तिच्याबद्दल फारसं लिहीत नाहीत.