कोरडा खड्डा

वर्गात पंखा होता आणि पडद्यावर नकाशा,
निळ्या रेघा पाण्याच्या, तपकिरी मैल्याच्या.
सर म्हणाले, निळी नेहमी वर, तपकिरी खाली,
मध्ये अंतर राखायचं, जसं सोवळ्यातलं पातेलं...
मग वर्गात कोण कोण बसलंय ते त्यांच्या ध्यानात आलं
आणि वाक्य तसंच लोंबकळत राहिलं.

आम्ही एकोणीसजण. हजेरीत मी चौदावी,
कनिष्ठ अभियंता, वय सव्वीस.
पदवीला शिकलेलं सगळं पाणी
एका दिशेनं वाहायचं, तेही चोवीस तास.
माझगावात ते पहाटे चार दहाला सुटतं,
साडेपाचला बंद.
त्या ऐंशी मिनिटांत काय ते शिकायचं.

शिकवायला घाडीगावकर, चावीवाले,
निवृत्तीला अडीच महिने.
टॅबवरचा ठिपका म्हणत होता, व्हॉल्व्ह रस्त्याच्या मधोमध.
ते तिकडे फिरकलेच नाहीत.
बंद बेकरीच्या पायरीपासून सात पावलं मोजली
(त्यांची; माझी नऊ झाली)
आणि डांबरावर टाच आपटली. खालून बीड बोललं.
रुबिना काझीनं गुपचूप ठिपका सरकवला.

"एकतीस आटे," ते म्हणाले, "सव्वीसवर अडतो.
तिथे जोर नाही करायचा. थांबायचं.
त्याला वाटलं की फिरतो."
मी वहीत लिहिलं: सव्वीसवर थांबणे.
कारणासाठी दोन ओळी सोडल्या.
त्या अजून कोऱ्या आहेत.

मग ऐकायची सळई. टोकाला शिसवीची वाटी,
वाटीला कान.
सुरुवातीला फक्त स्वतःचं रक्त ऐकू येतं.
मग गोदीकडला ट्रक,
कुठल्याशा इमारतीत कुणीतरी लवकर लावलेला पंप,
आणि मग, खूप खाली,
दात न उघडता कोणी श ऽ ऽ म्हणत राहावं तसं.
"इथे!" मी म्हणाले. खडूनं फुली मारली.
घाडीगावकरांनी तंबाखू मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी खणलं. चार फूट.
मुरूम, कौलाचे तुकडे, एक निळं बूच,
आणि पाइप. धडधाकट. कोरडा ठणठणीत.
खणणारे चौघे माझ्याकडे बघायचं टाळत होते,
ते बघण्याहून वाईट.

"तुम्हाला माहीत होतं?"
"अंदाज होता."
"मग?"
"पाणी फुटतं एकीकडे, बोलतं दगड भेटेल तिथे.
हे सांगितलं असतं तर तुम्ही वहीत लिहिलं असतं."

गळती अकरा फुटांवर निघाली, एका दुकानाच्या फळीखाली.

तिसऱ्या आठवड्यात तपकिरी रेघ.
देवशी मकवाणा, बत्तीस वर्षं नोकरी.
वायूमापक दोरीला बांधून सोडायचा:
तोंडाशी, मध्यावर, तळाला. तिन्ही आकडे लिहायचे.
आणि झाकण उघडताना वाकायचं नाही, वारा पाठीवर घ्यायचा.
"आमच्या वेळी झुरळं बघायचो," तो म्हणाला,
"ती जिवंत तर आपण पण."
आता माणूस आत उतरत नाही, यंत्र उतरतं,
पुस्तिकेत पान बारावर छापलंय.
मला वाचायला सांगितलं. वाचलं.
"परत वाच."
परत वाचलं.
तो झाकणाकडे बघत होता.
तिसऱ्यांदा सांगेल म्हणून मी पान उघडंच धरून ठेवलं.

प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलंय. असो.

काल कार्यालयात एक तक्रार आली:
बेकरीसमोर रस्ता खचलाय, पाणी साठतं,
खाली पाइप फुटला असावा, त्वरित कारवाई व्हावी.
पत्ता वाचून हसू आलं.
माझाच खड्डा. बुजवणाऱ्यानं नीट धुमस केला नव्हता,
आणि येणारेजाणारे टँकर त्यात सांडतायत.

तरी पहाटे चारला गेले.
पायरीपासून मोजलं. अजून नऊच.
सळई टेकवली, वाटीला कान लावला.
आधी रक्त.
थांबले.