हरवले-सापडले

बस कंपनीच्या हरवले-सापडले खिडकीमागे
मी एकोणीस वर्षं बसते आहे.
छत्र्या सर्वांत जास्त. मग हातमोजे, तेही एकेकटे.
एकदा कवळी आली, एकदा जिवंत कासव,
आणि आठवड्याला तीन-चार पुस्तकं.

नियम असा, की वस्तू नव्वद दिवस जपायची.
नंतर लिलाव, नाहीतर रद्दी.
माझं सगळं वाचन या नव्वद दिवसांतलं.
निवड माझी नाही, माँतेविदेओ जे विसरेल ते मी वाचते:
मधुमेहींचा स्वयंपाक,
सागरी कायद्याचा दुसरा खंड
(पहिला अजून कुणी विसरलेलं नाही),
आणि क्वचित कवितासंग्रह.
ते न्यायला सहसा कुणी फिरकत नाही.

उष्टंच वाचते मी.
पान जिथं दुमडलेलं असेल तिथून सुरू करते;
जिथं तो माणूस उतरला, तिथून मी चढते.
आधी काय घडलं ते नंतर कळतं, किंवा राहून जातं.
एकदा शेवटची चाळीस पानं उरली असताना
एक म्हातारा धापा टाकत आला, पावती दाखवली.
मी न राहवून विचारलं, खुनी कोण?
म्हणाला, मला काय ठाऊक, बायकोचं आहे.
मग पुस्तक कोटाच्या आत ठेवून
बटणं लावत बराच वेळ उभा राहिला.

लिहायला मला अर्जांनी शिकवलं.
वस्तूचे वर्णन करा, असा रकाना आहे.
काळी छत्री, असं लिहिलं तर चाळीस निघतात.
मुठीवर दातांच्या खुणा, असं लिहिलं
की एकच.
त्याआधी मी वहीत दुःख, दुःख लिहायचे.
काळ्या छत्र्या नुसत्या.

पिवळ्या अर्जांच्या पाठीवर लिहिते आता,
येर्बाचा कडू घोट घेत,
खिडकीशी कुणी नसेल तेव्हा.
प्रकाशकांना पाठवून पाहिलं. त्यांनी जपून ठेवलं असावं,
नव्वद दिवसांहून जास्तच.
शेवटी पदरमोड केली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं,
वॉशिंग्टन त्याचं नाव, आमच्याकडे असतात अशी नावं,
साठ प्रती काढून दिल्या. टाचण्या तिरक्या मारल्या,
पण पैसे दोन हप्त्यांत घेतले.

त्या प्रती मी बसमध्ये विसरते.
मागची सीट, खिडकीची बाजू.
संध्याकाळी उबाल्दो ड्रायव्हर त्या माझ्याच टेबलावर आणून आपटतो:
नेलिदा, हे पुन्हा.
मी नोंद करते. पुस्तक, पातळ, राखाडी.
लेखकाच्या रकान्यात माझं नाव
माझ्याच अक्षरात, चेहरा सरळ ठेवून.
साठांतल्या एक्केचाळीस परत आल्या.
उरलेल्या एकोणीस म्हणजे माझी संपलेली आवृत्ती.

जुलैत, दक्षिणेचा वारा दारं आपटत होता तेव्हा
एक प्रत आली, कोपरा भिजलेला.
अकराव्या पानावर पेन्सिल.
नदी शांत होती, असं मी लिहिलं होतं;
आमची ही नदी, जिला आम्ही सगळे समुद्र म्हणतो.
कुणीतरी शांत खोडून वर लिहिलं होतं:
गप्प.

दोन दिवस मला राग होता.
कोण हा, फुकट प्रवासात फुकटची दुरुस्ती करणारा?
तिसऱ्या दिवशी कार्यालय बंद केल्यावर
छत्र्यांना दोन्ही ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या.
नदी शांत होती.
नदी गप्प होती.
छत्र्या काही बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं.
वॉशिंग्टनला सांगितलं, पुढच्या साठांत बदल आहे.

ती प्रत नियमाप्रमाणे फळीवर ठेवली आहे.
वर्णन: पान अकरा, पेन्सिलचा एक शब्द.
मालकाला खूण पटेल.
आज शहाऐंशीवा दिवस.
खिडकीची घंटा वाजली की मान वर करते;
बहुतेक वेळा छत्री असते.
चार दिवसांनी ती लिलावात जाईल,
आणि लिलावात बोली लावायला
कर्मचाऱ्यांना मनाई आहे.